गुलालाआधीचे शब्द : कोल्हापूरच्या प्रचारातील हल्ला आणि प्रत्युत्तर

कोल्हापूरच्या वायव्येस अठरा-वीस किलोमीटरांवर, पन्हाळा तालुक्यात, वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. तेथील देवाचे पोथीतले नाव केदारनाथ. लोकांच्या तोंडी मात्र तो जोतिबा, आणि डोंगरालाही लोक जोतिबाच म्हणतात. शिंदे घराण्याचे हे कुलदैवत. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगाव या मुलखांतून उंच सासनकाठ्या नाचवीत लाखो माणसे डोंगर चढतात, गुलाल-खोबरे उधळतात, आणि ‘चांगभलं’च्या गजरात देवळाच्या शिखरापासून पायऱ्यांपर्यंत सारे काही एका रंगाचे होऊन जाते.

कोल्हापूरच्या राजकारणाने आपला सर्वांत महत्त्वाचा शब्द या डोंगरावरून उचलला आहे. येथे निवडणूक ‘जिंकली’ असे क्वचितच म्हणतात. ‘गुलाल लागला’ असे म्हणतात. मतमोजणीच्या आदल्या रात्री पैज लागते ती ‘गुलाल कुणाचा’ यावर. पंचांग आणि निवडणूक आयोग यांनीही न ठरवता एक योग जुळवून आणला आहे. २००९ मध्ये चैत्र पौर्णिमा ९ एप्रिलला होती आणि कोल्हापूरचे मतदान २३ एप्रिलला. २०१४ मध्ये पौर्णिमा १५ एप्रिलला, मतदान १७ एप्रिलला. २०१९ मध्ये १९ आणि २३ एप्रिल. २०२४ मध्ये पौर्णिमा २३ एप्रिलला आणि मतदान ७ मे रोजी. म्हणजे या चारही लोकसभा निवडणुकांत जोतिबाची यात्रा ऐन प्रचाराच्या दिवसांत आली. जिल्ह्यातील गावोगावची माणसे ज्या दिवसांत एकमेकांना भेटतात, त्याच दिवसांत उमेदवार एकमेकांविषयी सर्वांत वाईट बोलत असतात.

प्रस्तुत लेखात आम्हांला या वाईट बोलण्याचा विचार करायचा आहे; खरे तर त्याहून अधिक, त्याला दिल्या गेलेल्या उत्तरांचा. प्रतिपक्षावर चिखल कसा उडवावा याची चर्चा पुष्कळ होते. उडालेल्या चिखलाचे काय करावे, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा आहे असे आम्हांस वाटते, कारण तो शेवटी अर्थाचा प्रश्न आहे. एकदा उच्चारलेला शब्द कोणाच्या मालकीचा? बोलणाऱ्याच्या, ज्याला उद्देशून बोलले गेले त्याच्या, की ऐकणाऱ्याच्या?

या विषयाचे शास्त्र बनवले ते अमेरिकनांनी. तेथे उमेदवाराची निंदा करणाऱ्या जाहिराती हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्यांना उत्तर देणे हाही. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मायकेल ड्युकाकिस यांच्यावर, मॅसॅच्युसेट्समधील कैद्यांच्या रजेच्या योजनेवरून, जाहिरातींचा मारा झाला. त्यांनी उत्तर द्यायला उशीर केला आणि ते हरले. त्या पराभवातून तेथील प्रचार-सल्लागारांनी एक सूत्र काढले : आरोप अनुत्तरित ठेवू नये; त्याच दिवशी उत्तर द्यावे. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांच्या प्रचाराने त्यासाठी खास कक्षच उभारला. २००४ मध्ये जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधील सैनिकी सेवेवर काही माजी नौसैनिकांच्या गटाने जाहिरातींतून शंका घेतली. केरी पुन्हा थांबले, पुन्हा हरले, आणि सूत्र अधिकच पक्के झाले. तेव्हापासून तेथील काँग्रेसच्या, म्हणजे कायदेमंडळाच्या, साध्या साध्या लढतींतही हेच पढवले जाते : लवकर बोला, ठाशीवपणे नाकारा, उलट आरोप करा.

या सूत्रात एक गृहीतक आहे. हल्ला म्हणजे तथ्याविषयीचा दावा, आणि उत्तर म्हणजे त्या दाव्याचे खंडन, असे ते मानते. मराठी प्रचाराचा इतिहास पाहिला तर मोठे हल्ले बहुधा या जातीचे नसतात. ते नाव ठेवण्याच्या जातीचे असतात. मराठीत ‘नावे ठेवणे’ हा वाक्प्रचार निंदेसाठी वापरला जातो, यात भाषेने एक निरीक्षण साठवून ठेवले आहे : निंदकाला काही सिद्ध करायचे नसते, त्याला नाव द्यायचे असते. आणि नावाचे खंडन करता येत नाही. ‘मी अमुक नाही’ असे म्हणणारा ते नाव स्वतःच्या तोंडाने आणखी एकदा उच्चारतो, एवढेच.

याचे ठळक उदाहरण १९५७ चे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव चव्हाण विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या जनतेच्या दृष्टीने ज्याने काँग्रेसश्रेष्ठींचा निर्णय स्वीकारला तो घरभेदी होता, आणि त्यासाठी मराठीत एक नाव तयारच होते : सूर्याजी पिसाळ. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, त्या प्रसंगात फितुरीचा ठपका ज्याच्यावर आहे तो वाईचा देशमुख. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून हे नाव चव्हाणांना चिकटवले गेले. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झाला होता आणि त्याच्या भाषेला कसलीच भीड नव्हती. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली, त्यात कोल्हापूर जिल्हाही आला. स्वतः चव्हाण कऱ्हाडमधून निवडून आले, पण काठावर.

या नावाला तथ्याने काय उत्तर देणार? ‘मी सूर्याजी पिसाळ नाही’ हे वाक्य उच्चारताच वक्ता हरतो. चव्हाणांनी ते वाक्य उच्चारण्याच्या भरीस न पडता वेगळ्या पातळीवर उत्तर दिले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. संयुक्त महाराष्ट्र समितीने तेथे प्रचंड निदर्शने केली. निदर्शक आले, घोषणा झाल्या, नेहरूंनी त्या पाहिल्या, आणि रक्तपात न होता दिवस पार पडला. मराठी माणसाचे म्हणणे दिल्लीला दिसण्यासाठी त्या दिवशी चव्हाणांना वेगळे भाषण करावे लागले नाही. ते घाटरस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. पुढे १ मे १९६० रोजी राज्याचा मंगल कलश आणणारे म्हणून चव्हाणांचेच नाव घेतले गेले. पिसाळाचे नाव त्यांनी पुसले नाही; त्या नावाला जगायला लागणारी परिस्थितीच उरली नाही.

हे उत्तर उदात्त आहे खरे, परंतु त्याची एक अट विसरता कामा नये : त्याला तीन वर्षे लागली, आणि मधल्या काळात उत्तर देणाऱ्याच्या हाती सत्ता होती. ज्याच्याकडे सत्ता नाही आणि मतदानाला तीन आठवडे उरले आहेत, त्याने काय करावे? त्याचा वस्तुपाठ कोल्हापूरने २००९ मध्ये पाहिला.

सदाशिवराव मंडलिक हे कागल तालुक्यातले जुने कार्यकर्ते. १९९८, १९९९ आणि २००४ अशा तीन निवडणुका जिंकून ते लोकसभेत होते; शेवटच्या दोन राष्ट्रवादी काँग्रेसच्या चिन्हावर. २००९ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली आणि छत्रपती घराण्यातील संभाजीराजे यांना दिली. सत्तरी ओलांडलेले मंडलिक अपक्ष उभे राहिले. या वादात शरद पवारांच्या बोलण्यातील एक उपमा गाजली. बैल म्हातारा झाला की त्याला बाजार दाखवावा लागतो, असा तिचा आशय. ‘म्हातारा बैल’ हे दोन शब्द जिल्हाभर पसरले.

या उपमेत असत्य काहीच नव्हते. मंडलिक वयस्क होते, हे तथ्य होते. म्हातारा बैल शेतकरी बाजारात नेतो, हेही तथ्य होते. जनावरांचा बाजार हा या जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचा नित्याचा भाग आहे. पवारांची राजकीय भाषा शेतीतून आलेली आहे आणि ऐकणारेही शेतकरी, तेव्हा उपमा चपखल बसायला हवी होती. ती उलटली. का उलटली, याचे उत्तर साहित्याच्या वर्गात शोधण्यासारखे आहे.

बैलाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी शेतकऱ्याच्या घरात एकाच वेळी नांदत असतात. एक मालकाची : चारा किती खातो, ओढतो किती. दुसरी सोबत्याची. महाराष्ट्रात इतरत्र पोळा होतो. कोल्हापूरच्या बाजूला बेंदूर होतो. त्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, अंगावर झूल टाकतात, पुरणपोळी खायला घालतात, सायंकाळी कर तोडतात. म्हातारा झालेला बैलही त्या दिवशी सजतो. त्याच बैलाला पुढे बाजारात न्यायची वेळ आली, तर ती गोष्ट घरात मोठ्याने बोलली जात नाही. दावे सोडताना म्हातारी माणसे गोठ्याकडे पाठ करून बसतात. करावे लागते, पण त्याचा डांगोरा पिटायचा नाही, असा तो व्यवहार असतो. प्रचाराच्या रणधुमाळीत नेमके हेच मोठ्याने बोलले गेले. श्रोत्याने उपमा स्वीकारली, मात्र तिच्यात तो मालकाच्या जागी जाऊन उभा राहिला नाही. बैलाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मंडलिकांच्या प्रचाराचे शहाणपण असे की त्याने उपमा नाकारली नाही. ‘मी म्हातारा नाही’ असे सिद्ध करायला कोणी धावले नाही. ‘होय, बैल, या मातीत राबलेला बैल’ असा अर्थ त्या शब्दांना मिळत गेला, आणि अपमान एका माणसाचा न राहता राबून थकलेल्या प्रत्येकाचा झाला. उमेदवारी कोणाला द्यायची हा पक्षाचा अंतर्गत प्रश्न होता. तो जिल्ह्याच्या स्वाभिमानाचा प्रश्न बनला. १६ मे २००९ रोजी मतमोजणी झाली तेव्हा मंडलिक सुमारे पंचेचाळीस हजार मतांनी विजयी झाले होते. पक्षाचे चिन्ह नाही, पाठीशी मोठी संघटना नाही, आणि समोर राजर्षी शाहूंच्या घराण्यातला उमेदवार. गुलाल मात्र म्हाताऱ्या बैलाला लागला.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. निवडणूक केवळ शब्दांनी जिंकली जाते, असे म्हणणे साहित्याच्या माणसांना सुखावणारे असले तरी खरे नाही. कोल्हापूरच्या मतपेटीत साखर कारखाने, दूध संघ, सहकारी बँका, तालुक्यातालुक्यांतले गट आणि त्यांची परस्परांवरील जुनी उणीदुणी, हे सारे उतरते. मंडलिकांचा स्वतःचा कारखाना होता, गट होता, तीन निवडणुकांचा अनुभव होता. उपमेने हे बळ निर्माण केले नाही. परंतु विखुरलेल्या नाराजीला एका वाक्यात उभे राहायला जागा लागते, ती जागा तिने दिली. आणि ती प्रतिपक्षाने फुकट दिली.

यानंतरच्या दशकात कोल्हापूरच्या प्रचाराने आणखी एक प्रकार दाखवला, ज्यात ना हल्ला दिसतो ना प्रत्युत्तर. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय मंडलिक, म्हणजे सदाशिवरावांचे पुत्र, यांच्यात लढत होती. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांची आघाडी असतानाही काँग्रेसचे सतेज पाटील महाडिकांच्या विरोधात उभे ठाकले. घोषणा होती : ‘आमचं ठरलंय’. दोनच शब्द. कर्ता मोघम, कर्म गायब. काय ठरलंय, कोणाविरुद्ध ठरलंय, यातले काहीही वाक्यात नाही. निंदेचा एकही शब्द नसल्याने तिला उत्तर देण्याची सोयच नव्हती. व्याकरणाच्या शिक्षकांनी ‘आम्ही ठरवले’ आणि ‘आमचं ठरलंय’ यांतला फरक विद्यार्थ्यांना अवश्य विचारावा. पहिल्यात कोणीतरी ठरवणारा आहे, म्हणजे त्याच्याशी वाद घालता येतो. दुसऱ्यात गोष्ट ठरून गेलेली आहे. आता फक्त कळवणे उरले आहे. संजय मंडलिक २ लाख ७० हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

याच गटाने २०२३ च्या छत्रपती राजाराम साखर कारखान्याच्या निवडणुकीत ‘कंडका पाडायचा’ ही घोषणा दिली. कंडका पाडणे म्हणजे तुकडा पाडणे, एकदाचा निकाल लावणे. शब्द अस्सल कोल्हापुरी, ठसका जबर. पण या वेळी गुलाल महाडिक गटाला लागला. कारखान्याच्या निवडणुकीत मतदार हा सभासद असतो, त्याची गणिते वेगळी, हे मान्यच. तरी दोन घोषणांचे स्वरूप शेजारी ठेवून पाहावे. पहिलीत ऐकणाऱ्याला आत घेणारे ‘आमचं’ आहे. दुसरीत एक कृती आहे आणि ती कोणावर तरी व्हायची आहे. ज्याच्यावर व्हायची, त्याला आपली माणसे गोळा करायला ती कामी येते.

आता २०२४. हा प्रसंग आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटतो, कारण त्यात २००९ ची पात्रे जागा बदलून उभी राहिली. काँग्रेसचे उमेदवार होते शाहू छत्रपती, म्हणजे २००९ मध्ये हरलेल्या संभाजीराजे यांचे वडील. समोर होते शिवसेनेच्या शिंदे गटाचे संजय मंडलिक. एप्रिलमधील एका प्रचारसभेत मंडलिकांनी अशा आशयाचे विधान केले की आताचे महाराज मूळचे कोल्हापूरचे नाहीत, ते दत्तक आले आहेत. राजर्षी शाहूंच्या विचारांची खरी वारसदार कोल्हापूरची जनता आहे.

हे विधानही तथ्याच्या कसोटीवर निम्मे टिकते. शाहू छत्रपती नागपूरच्या भोसले घराण्यातून १९६२ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, आणि त्या दत्तकविधानाला तेव्हा कोल्हापुरात मोठा लोकविरोध झाला होता. जुन्या पिढीला तो स्मरत होता. म्हणजे मंडलिकांच्या शब्दांमागे स्थानिक इतिहासाचा एक खरा धागा होता. दुसरा धागा त्यांच्या हिशेबातून सुटला. १९६२ चे दत्तकविधान करणारे शहाजी महाराज स्वतः १९४७ मध्ये देवासहून दत्तक आले होते. आणि ज्यांच्या नावाने कोल्हापूरचा प्रत्येक पक्ष शपथ घेतो ते राजर्षी शाहू? कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी या गादीवर दत्तक आले, तेव्हा ते शाहू झाले. कोल्हापुरात ‘दत्तक’ हा शब्द हीनतेने उच्चारणे म्हणजे मागे फेकलेला दगड राजर्षींच्या पुतळ्यावर आदळवणे होते. काँग्रेसने हा गादीचा अपमान ठरवला, माफीची मागणी केली, आणि शाहू महाराजांचे दत्तकविधान ज्याला शाळेत शिकवले गेले होते त्या प्रत्येकाने उरलेले उत्तर स्वतःच दिले. बैलाच्या उपमेत श्रोता बैलाच्या शेजारी उभा राहिला होता. येथे तो दत्तक मुलाच्या शेजारी उभा राहिला.

याच निवडणुकीतील दुसरी चकमक घोषणांची. महायुतीची घोषणा होती : ‘मान गादीला, मत मोदीला’. प्रचाराच्या भाषेचा उत्तम नमुना म्हणून ती नोंदवून ठेवावी. प्रतिपक्षाच्या उमेदवारावर टीका करणे अवघड होते, कारण टीका गादीला लागत होती. या घोषणेने टीका न करताच काम केले. ‘मान’ आणि ‘मत’ यांत अनुप्रास, ‘गादी’ आणि ‘मोदी’ यांत यमक, आणि मधल्या स्वल्पविरामावर सारा युक्तिवाद : आदर वेगळा, मतदान वेगळे. उत्तर आले : ‘मान पण गादीला, मत पण गादीला’. यमक गेले, चटक गेली, उरली ती निव्वळ द्विरुक्ती. काव्यदृष्ट्या मूळ घोषणा सरस, यात शंका नाही. पण उत्तराने मधला स्वल्पविराम काढून टाकला. जे दोन केले होते ते पुन्हा एक केले. शाहू छत्रपती दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले.

या उदाहरणांतून एक निष्कर्ष काढावासा वाटतो. नाव ठेवण्याच्या जातीच्या हल्ल्याला नकाराने उत्तर मिळत नाही. ते मिळते त्याच शब्दाच्या पोटातील दुसऱ्या अर्थाने. तो दुसरा अर्थ उत्तर देणाऱ्याला घडवावा लागत नाही. तो लोकांच्या चालीरीतींत, सणांत, शाळेच्या पुस्तकांत आधीच असतो. बेंदूर नसता तर म्हातारा बैल उलटला नसता. राजर्षी शाहू दत्तक नसते तर ‘दत्तक’ उलटला नसता. हल्ला करणारा शब्द निवडताना त्याचा एकच अर्थ मोजतो, आणि भाषा सगळे अर्थ मोजते. अमेरिकन सल्लागारांचे ‘लवकर उत्तर द्या’ हे सूत्र येथे अपुरे पडते ते यामुळे : घाई करणारा माणूस नकार देतो, आणि दुसरा अर्थ वर यायला काही दिवस लागतात.

परंतु हा निष्कर्ष येथेच सोडला तर लेख प्रचारकांची हस्तपुस्तिका होईल. त्याला दोन मर्यादा घातल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा खोट्याची. एखाद्याने पैसे खाल्ले, एखाद्याने गुन्हा केला, अशी तथ्याची विधाने खोटेपणाने केली गेली तर तेथे दुसऱ्या अर्थाचा खेळ उपयोगी नाही. तेथे कागद दाखवावा लागतो. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या (१९५१) कलम १२३ (४) ने हा भेद नेमका ओळखला आहे. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, ज्याच्या खरेपणावर बोलणाऱ्याचा स्वतःचाही विश्वास नाही असे, त्याच्या निवडणुकीला बाध आणण्याजोगे खोटे तथ्यविधान करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. तो उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने केला असेल तर निवडणूकही रद्द होऊ शकते. राजकीय टीकेला ते कलम हात लावत नाही, आणि उपमेला तर लावूच शकत नाही. ‘म्हातारा बैल’ कोणत्या न्यायालयात खोटा ठरवणार? १३ एप्रिल २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिराती प्रसारणापूर्वी तपासून घेणे बंधनकारक झाले. परंतु सभेतील उत्स्फूर्त वाक्य आणि भ्रमणध्वनीवरून फिरणारी चित्रफीत तपासणार कोण? कायद्याची हद्द जेथे संपते तेथून वाचकाची जबाबदारी सुरू होते, असे आम्ही मानतो. आपल्यासमोर आलेले वाक्य तथ्य सांगते की नाव ठेवते, हे ओळखण्याचे शिक्षण साहित्याच्या वर्गाखेरीज दुसरीकडे कोठे मिळणार?

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे, कारण ती यशस्वी उत्तरातच दडलेली आहे. २००९ मध्ये सदाशिवरावांच्या अकरा वर्षांच्या संसदीय कामाचा हिशेब कोणी मागितला? तरुण प्रतिनिधी हवा की अनुभवी, हा प्रश्न वाजवी होता. उपमेने तो अपमानास्पद रीतीने मांडला आणि मग मांडण्यालाच बंदी झाली. बैलाची बाजू घेतल्यावर बैलाला जाब विचारणे जमत नाही. २०२४ मध्ये दत्तकाचा वाद रंगला, त्याआधी २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर कोल्हापूरने सोसले होते. पंचगंगेचे पाणी, शहराची १९७२ पासून रखडलेली हद्दवाढ, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची दशकांची मागणी, हे प्रश्न उभे होते. खंडपीठाच्या मागणीला फळ आले ते ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्किट बेंचच्या रूपाने. त्यामागे वकिलांचे आणि नागरिकांचे आंदोलन होते, कोणा घोषणेची करामत नव्हती. अपमान आणि त्याचे देखणे प्रत्युत्तर या जुगलबंदीत गावाचे मन इतके रमते की बाकीचा फड रिकामा पडतो. निंदकाचा पराभव होतो, पण निंदेने साधलेली गोष्ट, म्हणजे मूळ विषय बाजूला पडणे, ती साधलेलीच राहते.

म्हणून प्रत्युत्तराची एक वेगळी कसोटी आम्ही सुचवू इच्छितो. त्याने टाळ्या घेतल्या का, गुलाल मिळवला का, हे पाहावेच. परंतु त्यानंतर विचारावे की उत्तर दिल्यावर मूळ प्रश्न बोलण्यासाठी मोकळा राहिला की बंद झाला. या कसोटीला प्रतापगडचा प्रसंग उतरतो : तेथे शिवी गळून पडली आणि संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न अधिक ठळक झाला. २००९ चे आणि २०२४ चे उत्तर, कारागिरीच्या दृष्टीने कितीही चोख असले, तरी या कसोटीला अर्धेच उतरते. पिता ज्या प्रकारच्या शब्दाने तरला, त्याच प्रकारच्या शब्दाने पंधरा वर्षांनी पुत्र अडचणीत आला; एवढ्या काळात मतदाराने शब्दांचा न्याय अचूक केला आणि कामाचा न्याय पुढच्या खेपेवर ढकलला.

जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळताना तो कोणाच्या अंगावर पडतो हे कोणी पाहत नाही. सासनकाठी धरणारा आणि बाजूला उभा राहून पाहणारा, दोघेही सारखेच रंगतात. निवडणुकीतला गुलाल मात्र एकाच बाजूचा असतो, आणि तो दोन दिवसांत धुऊन निघतो. आदल्या महिन्यात बोलले गेलेले शब्द धुतले जात नाहीत. ते जिल्ह्याच्या बोलीत मुरतात, पुढच्या निवडणुकीत नव्या माणसाला चिकटायला तयार राहतात. त्यांची नोंद ठेवणे, त्यांचे अर्थ तपासणे, आणि त्यांच्या गदारोळात कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला हे लिहून ठेवणे, एवढे काम आपल्यासारख्या वाचणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या हाती आहे. पुढची यात्राही चैत्रातच भरणार आहे.